'सूर्यमालेतले चंद्र' तक्ता: नावांसाठी घ्याच, पण एकेक अक्षर तपासून वाचा

चार महिने झाले हा तक्ता भिंतीवर लावून, रोज जाता-येता नजर पडते, त्यामुळे आता नीट रिव्ह्यू लिहू शकते. आधीच सांगते, मी ५ पैकी ४ स्टार दिलेत आणि तो एक स्टार कापताना मला खरंच वाईट वाटलं, कारण ज्याने कुणी हा तक्ता बनवलाय त्याने मनापासून मेहनत घेतलीय हे दिसतं. पण चंद्रांच्या नावांचा तक्ता म्हटलं की नावं बरोबर हवीत ना, आणि नेमकं तिथेच थोडं थोडं घसरलंय.

तक्ता मराठीत आहे, आडवा, दोन्ही हात पसरले की मावेल एवढा. प्रत्येक ग्रहाच्या बाजूने त्याच्या चंद्रांच्या चौकटी, खाली एका पट्टीत काल्पनिक चंद्र. माझी नऊ वर्षांची भाची पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर उभी राहून बोट ठेवून ठेवून वाचत होती आणि मधेच वळून म्हणाली, "मावशी, तो युरोपा की ती युरोपा?" मी जवळ जाऊन बघितलं तर एका चौकटीत 'युरोपा गुरूभोवती साडेतीन दिवसांत फिरतो' आणि खालच्याच चौकटीत 'कॅलिस्टो चौघांत सगळ्यात लांबून फिरते'. म्हणजे दोघी पुराणकथेतल्या बायका, पण तक्त्यात एक तो आणि एक ती. इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, तिथे सरसकट 'इट' म्हणून मोकळे होतात, मराठीत मात्र क्रियापद आलं की ठरवावंच लागतं. मला विचाराल तर सगळ्यांनाच 'तो' म्हणावं. गाडीचं नाव 'बहाद्दर' ठेवलं तरी आपण 'ती आली' असंच म्हणतो ना, तसं चंद्र हा तो, मग त्याचं नाव टायटेनिया असो नाहीतर मिरांडा. पण 'ती' ठरवलं असतं तरी माझी तक्रार नव्हती, फक्त एक काहीतरी ठरवून शेवटपर्यंत तेच ठेवायला हवं होतं.

आता याच्यातली सगळ्यात भारी गोष्ट. प्रत्येक मोठ्या चंद्राच्या चौकटीत नुसतं नाव नाहीये, तर कुणी शोधला, कधी, नाव कुणी सुचवलं आणि ते नाव रुळलं कधी, असं चारही दिलंय. हे शेवटचं 'रुळलं कधी' मी दुसरीकडे एवढं सुटसुटीत कुठेच बघितलेलं नाही. आयोचंच घ्या. गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र बघितले जानेवारी १६१० मध्ये, आणि त्याने त्यांना मेदिची घराण्याचं नाव दिलं, 'मेदिचींचे तारे'. आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो ही नावं छापली सायमन मारियसने १६१४ मध्ये, तीही केपलरने सुचवलेली, आणि त्यानंतर जवळपास तीनशे वर्षं लोक ती फारशी वापरतच नव्हते! गुरू १, गुरू २, गुरू ३, गुरू ४ असं चालायचं. मी लहानपणापासून ही चार नावं पाठ म्हणत आलेय आणि मला वाटायचं गॅलिलिओनेच ठेवली असतील.

नंबरांचं प्रकरणसुद्धा तक्त्याने छान समजावलंय, शनीच्या बाजूला एक छोटी पायऱ्यांची आकृती आहे. ह्युजेन्सने १६५५ मध्ये टायटन शोधला तेव्हा तो एकटाच होता, म्हणून नुसता 'शनीचा चंद्र'. मग कॅसिनीला आणखी दोन सापडले, ग्रहापासूनच्या अंतराने नंबर लावले तर टायटन झाला दुसरा, कॅसिनीला अजून दोन सापडले की टायटन चौथा, आणि १७८९ मध्ये विल्यम हर्शेलला आतले मिमास आणि एन्सेलाडस दिसले की टायटन सहावा. चंद्र तोच, जागा तीच, नंबर मात्र दर वेळी बदलतोय, म्हणजे जुनी नोंद वाचणाऱ्याने आधी साल बघायचं आणि मग ठरवायचं की हा 'चौथा' म्हणजे नेमका कुठला. शेवटी १८४७ मध्ये विल्यमच्या मुलाने, जॉन हर्शेलने, सातही चंद्रांना नावं सुचवली, क्रोनसचे (म्हणजे ग्रीक कथेतल्या शनीचे) भाऊबहीण म्हणून, आणि तो गुंता सुटला. नाव कशाला लागतं, नंबर पुरे की, असं कुणी म्हटलं तर मी आता त्याला ही आकृती दाखवते.

आणि त्याच्या उलट अमाल्थिया. तो १८९२ मध्ये बर्नार्डला सापडला, गुरूला त्या चौघांपेक्षाही जवळ, पण नंबर मिळाला गुरू ५, कारण तोवर लोक शहाणे झाले होते आणि सापडेल त्या क्रमाने नंबर द्यायला लागले होते. नाव फ्लामारिऑनने सुचवलेलं, पण अधिकृत व्हायला १९७०चं दशक उजाडलं.

आता घोळ. चंद्रांच्या नावांत एकेका अक्षराला अर्थ असतो आणि देवनागरीत लिहिताना तो सांभाळला नाही तर तो अर्थच जातो. गुरूच्या लांबच्या चंद्रांना नावं देण्याची पद्धत अशी आहे की जे गुरूच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरतात त्यांच्या इंग्रजी स्पेलिंगचा शेवट 'ए'ने होतो, म्हणजे उच्चारी आकारान्त, जसं हिमालिया, एलारा, लीडा, आणि जे उलट्या दिशेने फिरतात त्यांचा शेवट 'ई'ने, जसं कार्मी, अनांकी. म्हणजे नुसत्या नावावरून कळतं की हा सुलटा की उलटा! किती सुंदर सोय आहे ही. आणि देवनागरीत तर ती अजून सोपी होते, शेवटी 'आ' असेल तर सुलटा, 'ई' असेल तर उलटा, लहान मूलसुद्धा ओळखेल. पण तक्त्यात एका ठिकाणी 'कार्मी' लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी 'अनांके', आणि एकाला तर चक्क 'पासिफा' केलंय, म्हणजे तो उलटा फिरणारा असून वाचणाऱ्याला सुलटा वाटणार. हा नियम तक्त्यावर लिहिलेलाही नाही. मला तो आधीपासून माहीत होता म्हणून खटकलं, ज्याला माहीत नाही त्याला यातलं काहीच कळणार नाही. (हिमालियाचा हिमालयाशी काही संबंध नाही, हे मात्र तक्त्याने आवर्जून लिहिलंय, ते बरं केलं, ती ग्रीक कथेतली अप्सरा आहे.)

प्लुटोच्या चौकटी मी सगळ्यात जास्त वेळा वाचल्यात. पहिला चंद्र १९७८ मध्ये जेम्स क्रिस्टीने शोधला, त्याच्या बायकोचं नाव शार्लीन, घरी सगळे 'शार' म्हणायचे, त्याला प्रोटॉन-इलेक्ट्रॉनसारखं शेवटी 'ऑन' जोडावं असं त्याच्या मनात आलं, आणि मग बघतो तर ग्रीक कथेत खरंच त्याच स्पेलिंगचा एक नावाडी आहे जो मेलेल्यांना नदीपार नेतो, प्लुटोच्याच राज्यात! म्हणून आजही काही शास्त्रज्ञ शॅरन म्हणतात, बायकोच्या नावासारखं, आणि काही कॅरन म्हणतात, ग्रीक नावाड्यासारखं. तक्त्यात चौकटीत 'कॅरन' आहे आणि वर मापांच्या कोष्टकात 'शॅरन'. दोन्ही चालतात हो, पण दोन्ही का चालतात हे एका ओळीत लिहिलं असतं तर ती चूक न वाटता गोष्ट वाटली असती. आत्ता भाचीला वाटलं की हे दोन वेगळे चंद्र आहेत, आणि तिने प्लुटोचे चंद्र मोजून सहा सांगितले.

आणि प्लुटोचाच चंद्र निक्स! रात्रीच्या देवीचं नेहमीचं स्पेलिंग वेगळं आहे, पण ते एका लघुग्रहाला आधीच देऊन झालं होतं, म्हणून २००६ मध्ये चंद्रासाठी मधलं एक अक्षर बदललं. इंग्रजीत डोळ्यांना फरक दिसतो, देवनागरीत दोन्ही 'निक्स'च, फरक गायब. त्याच्या उलट तीन डोक्यांच्या कुत्र्याचं नाव असलेल्या प्लुटोच्या आणखी एका चंद्राचं. तिथेही लॅटिन स्पेलिंग लघुग्रहाकडे होतं म्हणून चंद्राला ग्रीक स्पेलिंग दिलं, आणि देवनागरीत मात्र लघुग्रह 'सर्बेरस' आणि चंद्र 'कर्बेरॉस' असा फरक इंग्रजीपेक्षाही ठळक दिसतो. आपल्या लिपीत कुठे काय हरवतं आणि कुठे काय जास्त कळतं हे मला या तक्त्यामुळेच लक्षात आलं, तक्ता बनवणाऱ्याच्या मात्र ते लक्षात आलेलं दिसत नाही. या कर्बेरॉसच्या आणि स्टिक्सच्या नावांसाठी २०१३ मध्ये लोकांची मतंही घेतली होती, सगळ्यात जास्त मतं पडली 'व्हल्कन'ला, पण आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ते नाकारलं कारण प्लुटोच्या चंद्रांना पाताळाशी संबंधित नावं हवीत आणि व्हल्कन हे नाव बुधाच्या आतल्या एका कल्पनेतल्या ग्रहाला पूर्वीच देऊन झालं होतं. हे तक्त्यात आहे, आणि छोट्या अक्षरांत का होईना, आहे म्हणून आनंद झाला.

एक अक्षर काय करू शकतं याचं सगळ्यात गोड उदाहरण म्हणजे झूझ्वे, आणि तेही अशाच एका भिंतीवरच्या पोस्टरमुळे झालंय! मुलांच्या पोस्टरवर शुक्राजवळ 'झूझ्वे' असा चंद्र छापलेला होता, एका वडिलांना प्रश्न पडला की शुक्राला तर चंद्रच नाही, मग हा कोण, शोध घेतल्यावर कळलं की चित्रकाराने '२००२ व्हीई' असं टिपून ठेवलं होतं आणि स्वतःचंच अक्षर वाचताना इंग्रजी २ चे झेड झाले आणि शून्याचे ओ. तो पिंड खरा आहे, फिरतो सूर्याभोवतीच पण शुक्राच्या आगेमागे राहतो, त्यामुळे पुरता चंद्र नाही आणि अगदीच परका पण नाही. आणि २०२४ मध्ये झूझ्वे हे त्याचं अधिकृत नाव झालं. शुक्राच्या बाजूला एवढी मोकळी जागा सोडलेली असताना ही गोष्ट तिथे का नाही? पोस्टर बनवणाऱ्यांनी तरी ती अभिमानाने छापायला हवी होती.

'चंद्र' या शब्दाबद्दल पण बोलायलाच हवं. इंग्रजीत आपल्या चंद्राला मोठं अक्षर आणि बाकीच्यांना छोटं, विषय संपला. देवनागरीत मोठं-छोटं अक्षरच नाही, शिवाय एक चंद्र आणि अनेक चंद्र, अनेकवचनातही शब्द तोच. शाळेत आम्हाला 'उपग्रह' शिकवलं, आणि तो शब्द बरोबरच आहे, केपलरने १६११ मध्ये 'सॅटेलाइट' हा शब्द गुरूच्या चंद्रांसाठीच वापरला होता, सोबत चालणारा सेवक अशा अर्थाने. पण आता कुणी 'उपग्रह' म्हटलं की डोळ्यांसमोर टीव्हीचा नाहीतर हवामानाचा उपग्रहच येतो, म्हणून बोलताना आपण सगळे 'शनीचे चंद्र'च म्हणतो. तक्त्यानेही शीर्षकात 'चंद्र' घेतलंय ते मला मनापासून पटलं. पृथ्वीच्या चौकटीत नुसतं 'चंद्र' लिहून खाली बारीक अक्षरांत सोम, शशी, इंदू, सुधांशू, निशाकर, आणि शेवटी चांदोबा! बाकीच्या एवढ्या चंद्रांना मिळून मिळत नाहीत एवढी नावं आपल्या एकट्याला. ती चौकट बघून मला नेहमी बरं वाटतं. त्याच्या शेजारी सुपरमून, ब्लड मूनची चौकट मात्र काढून टाकली तरी चालेल, ती चंद्राच्या वेळांची नावं आहेत, चंद्रांची नाहीत.

काल्पनिक चंद्रांची पट्टी ही कल्पना उत्तम आणि मांडणी अर्धवट. 'अवतार'मधला पँडोरा, 'स्टार वॉर्स'मधले एंडोर आणि याविन ४, 'एलियन'मधला एलव्ही-४२६ एवढे आहेत. यात मजा अशी की सिनेमावाल्यांनीही खऱ्या पद्धतीच उचलल्यात. याविन ४ म्हणजे ग्रहाचं नाव आणि पुढे नंबर, अगदी गुरू ४ सारखं. एलव्ही-४२६ म्हणजे नुसता कॅटलॉगमधला नंबर असावा तसं, आणि ते ऐकूनच जागा निर्जन वाटते. एंडोरचं नेहमीच गोंधळाचं, एंडोर म्हणजे ग्रह की त्याचा जंगलवाला चंद्र, लोक दोन्हीला तेच म्हणतात. पण तक्त्यात यातलं काहीच लिहिलेलं नाही, नुसती चित्रं आणि नावं. पँडोराचं तर फारच चुकलंय, कारण शनीचा खराखुरा पँडोरा चंद्र आहे, १९८० मध्ये व्हॉयेजर १ यानाच्या फोटोंत सापडलेला, जेमतेम ८० किलोमीटरचा बटाट्यासारखा बर्फाळ गोळा, आणि २००९ च्या 'अवतार'मधला पँडोरा म्हणजे जंगलांनी भरलेला मोठा चंद्र, पॉलिफेमस नावाच्या वायूच्या ग्रहाभोवती फिरणारा. एकाच तक्त्यावर दोन पँडोरा, एक वर एक खाली, आणि दोघांमध्ये एक साधी रेघसुद्धा नाही. भाचीने शनीच्या पँडोराकडे बोट दाखवून विचारलं की इथे झाडं आहेत का.

आणि या पट्टीत पहिला मान ज्यांचा आहे तेच नाहीत. जोनाथन स्विफ्टने १७२६ मध्ये 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये मंगळाला दोन चंद्र आहेत असं लिहिलं होतं, एक दहा तासांत फिरणारा आणि दुसरा साडेएकवीस, नाव एकालाही नाही. खरे दोन चंद्र आसफ हॉलला सापडले १८७७ मध्ये! हॉल कंटाळून थांबणार होता आणि त्याच्या बायकोने, अँजेलिन स्टिकनीने, त्याला पुन्हा दुर्बिणीकडे पाठवलं, म्हणून फोबॉसवरच्या सगळ्यात मोठ्या विवराचं नाव स्टिकनी आहे. आणि डायमॉसवर एका विवराचं नाव स्विफ्ट. म्हणजे काल्पनिक चंद्रांच्या लेखकाचं नाव खऱ्या चंद्रावर कोरलं गेलं. फोबॉस, डायमॉस ही नावं सुचवणारे हेन्री मदान आणि १९३० मध्ये प्लुटो हे नाव सुचवणारी अकरा वर्षांची व्हेनेशिया बर्नी, ती त्यांच्या भावाची नात! तक्त्यात स्टिकनी आहे, मदान आहेत, पण स्विफ्ट आणि व्हेनेशिया दोघंही नाहीत.

माझी अजून एक इच्छा होती, न सापडलेल्या चंद्रांची. शुक्राजवळ कॅसिनीला १६७२ आणि १६८६ मध्ये काहीतरी चंद्रासारखं दिसलं होतं, पुढेही काहींना दिसलं, आणि १८८४ मध्ये त्याला नीथ असं नावसुद्धा मिळालं. शनीचा थेमिस, १९०५ मध्ये पिकरिंगने जाहीर केला, पुन्हा कधीच दिसला नाही. हे कुणी गोष्टीसाठी रचलेले नव्हेत, अभ्यासू माणसांनी प्रामाणिकपणे बघितलेले, नाव देऊन सांभाळलेले, आणि शेवटी नसलेले. खऱ्या आणि काल्पनिकच्या मध्ये यांच्यासाठी एक छोटी पट्टी हवीच होती, पुढच्या आवृत्तीत करा प्लीज.

छपाई चांगली आहे, कागद जाड, चकाकत नाही त्यामुळे दिव्याखालीही वाचता येतो. माझा घडीवर थोडा दुमडून आला होता, दोन दिवस पुस्तकांखाली ठेवल्यावर सरळ झाला. टायटन, ट्रायटन, टायटेनिया ही तीन नावं मुलं हमखास गोंधळतात, त्यांना वेगवेगळे रंग दिलेत हे फार विचारपूर्वक केलंय. शनीच्या लांबच्या चंद्रांचे इन्युइट, गॉलिश आणि नॉर्स असे तीन गटही रंगाने वेगळे दाखवलेत, सियार्नाक, आल्बिओरिक्स, यमिर ही नावं मुलं जोरजोरात म्हणतात. शनीचे एकूण चंद्र एका कोपऱ्यात १४६ आणि दुसऱ्या कोपऱ्यात २७४ छापलेत, त्यातलं २७४ हा मार्च २०२५ चा आकडा, तेव्हा एकदम १२८ नवे जाहीर झाले, जुना आकडा काढायचा राहून गेलाय.

युरेनसच्या शेवटच्या चौकटीत 'एस/२०२५ यू १' छापलंय. एस म्हणजे सॅटेलाइट, मग साल, यू म्हणजे युरेनस, आणि त्या सालातला पहिला, हे मी समजावून सांगितल्यावर भाची म्हणाली, "म्हणजे याचं बारसं व्हायचंय अजून." युरेनसच्या चंद्रांना शेक्सपिअरच्या नाहीतर कवी अलेक्झांडर पोपच्या लिखाणातली पात्रं मिळतात एवढं तिला कळल्यावर ती आता नावांची यादी करतेय.

त्यामुळे घेणाऱ्यांना एकच सांगते, हा तक्ता काचेच्या फ्रेममध्ये घालू नका आणि लॅमिनेटही करू नका, लहान मुलाचा हात पोचेल एवढ्या खाली लावा आणि शेजारी दोऱ्याला बांधून एक पेन्सिल ठेवा. आम्ही 'अनांके'चं 'अनांकी' केलंय, 'पासिफा'चं 'पासिफाई' केलंय, दोन पँडोरांच्या मध्ये रेघ मारलीय, १४६ खोडलंय, आणि त्या एस/२०२५ यू १ च्या खाली नावापुरती जागा मोकळी ठेवलीय.